ओळीनंतरचा हुंकार

१

तुम्ही टाइप करत असताना कोणी तुमच्या पाठीमागे येऊन उभं राहिलं, तर तुम्हाला चालतं का?

बहुतेकांना चालत नाही. बोटं अडखळतात, चुका होतात. माझं उलट आहे. माझ्याकडे लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन येणारी माणसं मागे उभी राहतात, मामांचं नाव सुटलं नाही ना ते बघतात, आणि मागे कोणी असलं की माझी बोटं आणखी नीट चालतात. ती सवय मला शाळेत लागली.

माझं नाव दीपा. सावेडीत राहते. शिक्षण दहावी. पत्रिका, फलक, अर्ज असं टाइप करण्याचं काम घरूनच करते आणि त्यासाठी कुठलाही क्लास लावलेला नाही. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

आमची शाळा नेवाशाच्या बाजूला, प्रवरेच्या काठच्या एका गावात. मी नववीत असताना शाळेला एक संगणक आला. त्याच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं. पुस्तक खेळांचं होतं, पण खेळ त्यात लिहून ठेवलेले होते. पानाच्या एका बाजूला गुहा, राक्षस, उडत्या तबकड्या अशी रंगीत चित्रं आणि दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात ओळी. ती बेसिक नावाची संगणकाची भाषा. त्या ओळी जशाच्या तशा टाइप केल्या की पडद्यावर खेळ सुरू व्हायचा. एक स्वल्पविराम जरी सुटला तरी व्हायचा नाही. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. त्यासाठी दिलेला टेपरेकॉर्डर स्नेहसंमेलनात नाचाच्या गाण्यांसाठी नेला आणि तिथेच बिघडला. त्यामुळे वीज गेली की सगळं पुसलं जायचं. पुन्हा पहिल्या ओळीपासून.

विज्ञानाच्या औटी सरांनी आमच्या जोड्या लावल्या होत्या. माझी जोडीदार भागिरथी. आजीचं नाव तिला ठेवलेलं, म्हणून पोरं तिला नदीबाई म्हणायची. ती पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखाली फुटपट्टी धरून मोठ्याने वाचायची. मी टाइप करायचे. ओळ पुरी झाली की "हं". मग पट्टी खाली सरकायची, पुढची ओळ. परत "हं".

बाकीच्यांचे खेळ अडकायचे, चुका शोधता शोधता तास संपायचा. आमचा खेळ पहिल्याच फटक्यात चालायचा. कायम. सर इतरांना म्हणायचे, "त्या दोघींना बघा. घाई नाही, गडबड नाही. ओळ, हं. ओळ, हं. असं काम करायचं."

२

माझा मुलगा ओम पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. दिवाळीला तो आला तेव्हा माळ्यावरची पेटी काढताना ते पुस्तक निघालं. शाळेनं जुनं सामान काढून टाकलं, तेव्हा औटी सरांनी मला निरोप पाठवून ते दिलं होतं.

ओम पानं उलटत हसायला लागला. "मम्मी, हे सगळं हातानं टाइप करायचीस? कॉपी-पेस्ट नाही?"

"कॉपी पण आम्हीच आणि पेस्ट पण आम्हीच."

"आणि लाइट गेली की?"

"पहिल्यापासून."

"बाप रे. आमच्या ऑफिसात असं केलं तर निम्मी पोरं राजीनामा देतील."

ओमचे पप्पा, महेंद्र, जेवता जेवता म्हणाले, "आईला कमी समजू नको. तुला शिकवायला कॉलेज लागलं. ती अंदाजानं शिकली."

"अंदाजानं नाही हो," मी म्हटलं, "बघून बघून."

जाण्याआधी ओमने माझ्या लॅपटॉपवर काहीतरी घालून दिलं. ते उघडलं की लॅपटॉप अगदी आमच्या शाळेतल्या संगणकासारखा वागायचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि अक्षराची वाट बघत लुकलुकणारी एक छोटी रेघ. मला भरून आलं. ओमला दिसू नये म्हणून मी चहा टाकायला उठले.

मग माझा दुपारचा नेम झाला. ओमचे पप्पा जेवून दुकानावर परत जायचे. त्यांचं इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं दुकान आहे. मी भांडी आवरून, ओटा पुसून खिडकीपाशी बसायचे. वर पंखा, खाली रस्त्यावर भाजीच्या गाडीचा आवाज. पुस्तक डाव्या हाताला उभं करायचं, स्वतःच मोठ्यानं वाचायचं आणि टाइप करायचं.

पहिल्या दिवशी गुहेचा खेळ घेतला. पहिली ओळ टाइप केली.

"हं."

दुसरी ओळ वाचली, टाइप केली.

"हं."

अर्धं पान झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की घरात मी एकटी आहे.

३

माणूस स्वतःलाच समजावतो. तसं मीही समजावलं. सवय आहे, मीच म्हणत असेन. दुसऱ्या दिवशी मी श्वास रोखून धरला आणि मनातल्या मनात वाचून एक ओळ टाइप केली.

"हं."

मी श्वास अजून सोडला नव्हता.

आवाज बाईचा की पुरुषाचा, ते सांगता येणार नाही. "हं" म्हणताना ओठ मिटलेलेच असतात. तो माझ्या उजव्या खांद्यामागून, कानाच्या जरा वरून यायचा. म्हणजे बसलेल्याच्या मागे कोणी वाकून उभं राहिलं तर जिथून येईल, तिथून. त्यात श्वास नव्हता. वासही नव्हता. मी मान वळवली तर मागे सोफा, सोफ्यावर घडी घालायचे कपडे.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. एका ओळीला "हं" आला नाही, तेव्हा मी थांबून पाहिलं. शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप झाला होता. दुरुस्त केला. "हं." मी स्वतःशीच हसले. वाटलं, इतक्या वर्षांनीसुद्धा माझं मन इतकं तयार आहे, की चूक डोळ्यांना दिसायच्या आधी त्याला कळते. ओमला फोन करून सांगितलं, "तुझ्या आईचा खेळ आजही पहिल्या फटक्यात चालला."

मग केडगावचे काकासाहेब मुलीच्या पत्रिकेसाठी आले.

"ताई, मजकूर एकदम ओके. व्याह्यांनीसुद्धा वाचलाय. आता छापायला सोडा."

छापायला देण्याआधी मी मजकूर एकदा मोठ्यानं वाचते. वाचू लागले. नवरीचं नाव. "हं." नवरदेवाचं नाव. "हं." तारीख, वार. "हं." मंगल कार्यालयाचं नाव आणि पत्ता.

काही नाही.

मी परत वाचलं. पंखा फिरत होता. काकासाहेब माझ्याकडे बघत होते. मधला हं त्यांना माझाच वाटत असावा.

"काका, कार्यालय हेच ना?"

"म्हणजे काय? मी स्वतः जाऊन बघून आलोय. बायकोनं तर तिथली भांडीसुद्धा वाजवून पाहिली."

"एक फोन लावता का? माझ्या समाधानासाठी."

ते जरा वैतागले, पण त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस चाचरत बोलू लागला. त्या तारखेला दोन लग्नं घेतली गेली होती. तो संध्याकाळी फोन करून सांगणारच होता म्हणे.

काकासाहेब मला हात जोडून गेले. "ताई, तुमच्याकडं विद्या आहे काहीतरी." ते गेल्यावर मी दार लावून तिथेच उभी राहिले. शून्य आणि ओ माझ्या डोळ्यांनी पाहिले असतील, मला कळलं नसेल. पण केडगावच्या लग्नाचं कार्यालय माझ्या मनाला कुठून ठाऊक?

आणि मग आणखी एक विचार आला, तो मला आवडला नाही. तपासणारा नुसता तपासत नाही. हातातल्या पुस्तकाशी ताडून बघतो. छापल्याप्रमाणे असलं तर "हं", नसलं तर गप्प.

मग माझं बोलणं कशाशी ताडलं जात होतं?

४

मी भागिरथीला फोन केला. ती नेवासा फाट्याजवळ वस्तीवर राहते, तिच्या घरी म्हशी आहेत.

"काय गं नदीबाई?"

"अगं बया, दीपे! आज कुठून उगवलीस? थांब, म्हशीपुढं पेंड टाकते न् बोलते."

ती परत आल्यावर इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. तिची सून, माझा ओम, औटी सरांची टोपी. मग मी म्हटलं, "तू प्रत्येक ओळीला हं म्हणायचीस ना, ते अजून माझ्या कानात आहे."

"मी?"

"मग कोण?"

"मी कशाला हं म्हनू? मी वाचायचे. तू टाइप करून हं म्हनायचीस, मग मी पट्टी खाली घ्यायचे."

"चेष्टा नको गं करू."

"चेष्टा न्हाई. मला पडदा कुठं दिसायचा? मी पुस्तकात मुंडी घालून. तुजा हं आला की फुडं जायचं, यवढंच मला ठावं."

मी आठवून पाहिलं. माझी नजर कायम कीबोर्डवर असायची. खालचा ओठ दातांखाली. पडद्याकडे न बघता ओळ बरोबर आहे असं मी कसं म्हणेन? आणि भागिरथी वर न बघता माझी ओळ बरोबर आहे हे कसं सांगेल? इतके दिवस मी समजत होते तिचा, ती समजत होती माझा. सरांनीसुद्धा ऐकला होता. त्यांना वाटलं असेल आमच्यातली कोणीतरी.

फोनमध्ये म्हैस हंबरली. भागिरथीचा आवाज खाली आला.

"दीपे, मग आपल्या मागं कोन हुतं गं?"

"कोणी नव्हतं. आपण दोघीच होतो."

मी वाट पाहिली. फोन कानाला लावून, पाठ ताठ करून. मागून काही आलं नाही.

५

त्या दिवसापासून लॅपटॉप फक्त कामापुरता उघडू लागले. पुस्तक माळ्यावर ठेवलं. बोलणंही कमी केलं. पण घरात न बोलता कसं चालेल? भाजी चिरून ठेवली आहे, "हं". उद्या पाणी येणार आहे, "हं". साध्या साध्या वाक्यांना तो यायचा आणि आला की हायसं वाटायचं, हेच वाईट होतं.

"मौन धरलंय की काय?" ओमच्या पप्पांनी विचारलं.

"घसा बसलाय."

यावर शांतता. ते साहजिकच होतं.

मग एके दिवशी दुपारी ते जेवायला आले आणि अर्ध्या भाकरीवर ताट बाजूला केलं.

"नको वाटतंय. सकाळी बॅटऱ्यांची गाडी उतरवली, खांदा भरलाय. जरा पडतो."

मागून काही आलं नाही.

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली. मी हळूच म्हटलं, "खांदा भरलाय."

काही नाही.

"मग तेच तर सांगतोय," ते म्हणाले.

अडलेली ओळ आम्ही कशी तपासायचो, तर तुकड्या तुकड्यानं. सगळी परत वाचायची नाही. एकेक शब्द घ्यायचा. मी त्यांच्याकडे बघत एकेक शब्द उच्चारला.

"डावा हात."

"हं."

"घाम."

"हं."

"उन्हामुळं."

नाही.

"बॅटऱ्यांमुळं."

नाही.

"कुणाशी बोलतीयेस?" त्यांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर पाणी होतं, आणि पंखा तर त्यांच्याच डोक्यावर होता.

"उठा. दवाखान्यात जायचं."

"अगं, तासभर झोपलं की होईल बरं."

या वाक्यानंतरची शांतता मी कशी सांगू? नुसता आवाज न येणं वेगळं. इथे मागे कोणीतरी होतं, मला माहीत होतं, आणि ते मुद्दाम बोलत नव्हतं.

मी त्यांना बोलूच दिलं नाही. चप्पल घातली, त्यांना घालायला लावली, खाली रिक्षा थांबवली. रिक्षात ते मागे टेकून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "रिक्षावाल्याला विचार, बॅटरी बदलायची असली तर आपलं दुकान आहे." त्यांचा हात हातात घेतला तर गार होता.

६

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलले. हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली आहे, लगेच आत घ्यावं लागेल. "ताई, वेळेवर आणलंत. बहुतेक जण खांदा चोळत घरीच थांबतात." मी सही केली. ओम पुण्याहून निघाला होता.

मी तोंडातून शब्द काढत नव्हते. नर्सने विचारलं तरी मान हलवत होते. ते वाचतील, हे वाक्य मला कुठेही, कोणत्याही आवाजात म्हणायचं नव्हतं. कारण उत्तर आलं असतं. किंवा आलं नसतं.

स्ट्रेचर दारापाशी थांबलं. दार स्टीलचं, दोन फळ्यांचं. ओमचे पप्पा माझ्याकडे बघून हसले. हसू अर्धवटच आलं.

"घाबरू नको. उद्या सकाळी तुझ्या हातचा चहा घेतो."

मी श्वास धरला.

काही आलं नाही.

कोणीतरी ट्रे ठेवला. लांब कुठेतरी मूल रडत होतं. खांद्यामागे ते होतं, वाकलेलं. ओळ त्याने बघितली होती आणि ते गप्प होतं.

तेव्हा मला काय आठवलं ते सांगते. पुस्तकातल्या ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर असायचे. मधले आकडे कुठे गेले, असं भागिरथीने सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "ते तुमचे. पुस्तकवाल्यानं जागा सोडली आहे. वाटलं तर तिथं आपली ओळ घालायची." सगळ्या शाळेत अशी ओळ पहिल्यांदा मी घातली. गुहेतला माणूस जिथे मरायचा, तिथे मी लिहिलं की तो मरत नाही, परत दारापाशी येतो. त्या ओळीला "हं" आला नव्हता. भागिरथी पट्टी धरून तशीच बसली होती, पुढे वाचेना. मी वाट पाहिली नाही. खेळ चालू केला, आणि तो चालला. माझा माणूस परत दारापाशी आला. सरांनी सगळ्या वर्गाला बोलावून ते दाखवलं. पुस्तकात नसलेली आणि मी केलेली अशी ती पहिली गोष्ट, आणि आजही कोणी मला विचारलं की आयुष्यात काय केलंस, तर मला आधी तीच आठवते.

ओमचे पप्पा अजून माझ्याकडे बघत होते. उत्तराची वाट बघत होते.

"हं," मी म्हटलं. मोठ्यानं, ओठ मिटून, जसा तो येतो तसाच.

त्यांनी डोळे मिटले. स्ट्रेचर आत गेलं आणि दाराच्या दोन्ही फळ्या जवळ आल्या. स्टीलमध्ये माझ्या साडीचा हिरवा रंग पुसट दिसला. त्याच्या मागे, खांद्याला लागून, आणखी काहीतरी उभं होतं. वाकून, मान खाली घालून, हातातलं काही बघत असल्यासारखं. माझा "हं" अजून त्या कॉरिडॉरमध्ये विरला नव्हता, तोच ती मान वर आली. चेहरा मी पाहिला नाही. चेहरा असायची जागा माझ्याकडे वळली, एवढंच दिसलं. मग फळ्या हलल्या आणि सगळा रंग मोडला.

मी मागे वळले नाही. तिथेच बाकावर बसले, पाठ भिंतीला न टेकता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमच्या पप्पांना वॉर्डात आणलं. ओमने खालच्या टपरीवरून आणलेला चहा त्यांनी घेतला नाही, म्हणून मी सावेडीला जाऊन थर्मास भरून आणला आणि डॉक्टरांना विचारून त्यांना दोन घोट दिले. नर्सला त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, ओमला नाश्ता करून घे म्हटलं, भागिरथीला फोन करून सगळं ठीक आहे असं सांगितलं. मी एकेका वाक्यानंतर थांबून बघत होते. एकाही वाक्याला मागून हुंकार आला नाही. चहाची ती ओळ माझी होती, आणि तिच्या पुढचं त्याच्या पुस्तकात काही नव्हतं.